साडूंचं सोपं गाणं

नाशिक जिल्ह्यात द्राक्षांची पारख असणारे पायलीचे पन्नास मिळतील, पण जपानी रॉक बँडचं कोणतं गाणं कराओकेला सोपं जाईल हे दोन ओळी ऐकून छातीठोक सांगणारा माणूस सबंध जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. साठी ओलांडलेली, निफाडकडे द्राक्षबाग, राहायला नाशकात आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. जपानी भाषा येत नाही, गाणं कधी शिकले नाहीत, आणि आवाजाचं म्हणाल तर माहेरच्या माणसांबद्दल वावगा शब्द खपवून न घेणारी माझी बायकोसुद्धा 'मोकळा आहे' यापलीकडे काही बोलत नाही.

हे खूळ शिरलं ते मुलीमुळे. त्यांची एकुलती एक लेक नोकरीसाठी ओसाकाला गेली आणि बापलेकीचं बोलणं एकदम आटलं. दर रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल व्हायचा. "जेवली का?" "जेवले." "थंडी हाय का?" "आहे." एवढं झालं की दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायचे आणि साडू फोन बायकोकडे द्यायचे. बागेतल्या पंचवीस मजुरांना दिवसभर बोलण्यात गुंतवून ठेवणारा हा माणूस स्वतःच्या पोरीपुढे मुका व्हायचा. मग एका रविवारी ती रडवेली होऊन म्हणाली, "पप्पा, ऑफिसातले सगळे कराओकेला जातात. मी कोपऱ्यात नुसती बसून राहते. तिथे आपली गाणी नसतात आणि त्यांची मला येत नाहीत." साडूंना त्या रात्रीचं जेवण गेलं नाही. पोर परमुलखात एकटी पडणार, हे त्यांच्या मनाने घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला सांगितलं, "तू मला गाणी पाठव. बागेत नवीन औषध आपण आधी वेलींच्या एका ओळीवर मारून बघतो का नाय? तसं मी आधी गाऊन बघतो. मला जमलं तर तुला जमंलच."

तेव्हापासून जपानमधून गाणी यायला लागली आणि साडूंचे कान हेडफोनमध्ये गेले. महिन्याभरात त्यांचं शास्त्र तयार झालं. संथ गाणं सोपं वाटतं, पण त्याच्या वाटेला जायचं नाही, हा पहिला नियम. "संथ गाण्यात चूक लगेच दिसती. जिथं ड्रम जोरात, तिथं आपलं सगळं झाकून जातं." एकट्या गायकाचं गाणं नको, बँडचंच हवं, कारण एक चुकला तर बाकीचे तिघं सांभाळून घेतात, असा त्यांचा प्रेमळ समज आहे. धृपदात 'ओ ओ ओ' असेल तर उत्तम. आणि गाणं स्कूटरवर द्वारका चौकातल्या गर्दीत म्हणता आलं पाहिजे. तिथे ज्याचा दम टिकला तो कुठेही टिकेल, असं त्यांचं म्हणणं. त्या चौकात सिग्नलला उभे राहून ओरडणारे पांढऱ्या टोपीतले गृहस्थ कुणी पाहिले असतील, तर ते वेडे नव्हते, आमचे साडू होते.

पण त्यांची खरी करामत म्हणजे गाण्याची विरळणी. द्राक्षाच्या घडात दाटी झाली की कात्रीने काही मणी काढून टाकतात, म्हणजे उरलेले चांगले फुगतात. साडूंनी हेच गाण्याला लावलं. निर्यातीच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर लेकीकडून ऐकून ऐकून शब्द देवनागरीत उतरवायचे ("जपानी लय गुणी भाषा हाय, लिहायचं एक न् बोलायचं एक असं नाय करत") आणि मग जिथे दाटी वाटेल तिथले शब्द पेन्सिलीने उडवायचे. उताराने सायकलवरून जाणाऱ्या मुलाचं एक गाणं होतं. विरळणीनंतर त्यातली सायकल गेली, उतारही गेला, नुसता मुलगा 'ओ ओ ओ' करत राहिला. लेक पोट धरून हसली. "पप्पा, अहो गाणं कुठे गेलं?" त्यावर हे शांतपणे म्हणाले, "जे राहिलंय ते फुगवून म्हण."

आमच्या कॉलनीत निवृत्त मंडळींचा कराओके ग्रुप आहे. शनिवारी संध्याकाळी आम्ही जमतो आणि जुनी हिंदी गाणी गातो. मी गेली कित्येक वर्षं एकच विरहगीत गात आलोय, आणि माझा विरह संपावा असं आता सगळ्यांनाच वाटतं. तिथे एकदा साडू पुठ्ठा घेऊन उभे राहिले. ड्रम सुरू होताच एका माजी हेडमास्तरांनी कानातलं यंत्र काढून शांतपणे खिशात ठेवलं. गाणं संपलं तेव्हा ग्रुप चालवणाऱ्या बाईंनी विचारलं, "छान होतं हो, पण हे नेमकं कशाबद्दल आहे?" साडू म्हणाले, "ते पोरीला विचारून सांगतो." आणि खरोखर विचारून, पुढच्या शनिवारी सगळ्यांना सविस्तर सांगितलं. शेवटची गाडी चुकलेल्या माणसाबद्दल होतं. हेडमास्तर हळहळले.

एवढ्या अवधीत पोरीचं मस्त चाललं होतं. ऑफिसातल्या कराओकेत ती उभी राहिली, विरळणी केलेलंच गाणं गायली आणि 'ओ ओ ओ'ला सगळं ऑफिस तिच्याबरोबर ओरडलं. तिला मैत्रिणी मिळाल्या. मला वाटलं, झालं, काम फत्ते, आता साडूंच्या डोक्यातलं खूळ उतरेल. पण रविवारचे फोन थांबले तर नाहीतच, उलट तासतासभर चालायला लागले. गाण्यावरून गोष्ट ऑफिसवर जायची, ऑफिसवरून घरमालकिणीवर, तिथून बागेतल्या बोकडावर, आणि शेवटी साडू म्हणायचे, "हे गाणं काय मला नाय जमत बाळा. मधी लय फास्ट हाय. पुढच्या रविवारी दुसरं सोपं बघ."

डिसेंबरच्या थंडीत मी एका सकाळी त्यांच्या बागेत गेलो. विरळणी चालू होती. वेलींच्या आडून गाणं ऐकू आलं, तेच मधे लय फास्ट असलेलं. पुठ्ठा नाही, हेडफोन नाही, आणि एकही शब्द गाळलेला नाही. साडू कात्री चालवत त्या फास्ट ओळींतून घोड्यासारखे दौडत होते आणि 'ओ ओ ओ' आलं की ओळीतल्या साऱ्या बायका साथ देत होत्या. मला पाहून त्यातली एक म्हणाली, "दाजी, आता आम्हालाबी पाठ झालंय. मालकाला म्हणावं बदला की गाणं."

मी साडूंना बाजूला घेतलं. "अहो, हे तर तुम्हाला पक्कं येतंय! मग पोरीला का सांगता जमत नाही म्हणून?"

त्यांनी हातातला घड उगीचच फिरवून पाहिला. "येतंय म्हणलो, तर पुढच्या रविवारी बोलायचं काय? जेवली का, थंडी हाय का?" मग कात्री मिटत म्हणाले, "तुम्ही नका बोलू तिला."

मी बोलणार नव्हतोच. पण माझी जीभ सैल आहे हे आमच्या घरात सर्वमान्य आहे. भाचीचा माझ्या वाढदिवसाला फोन आला तेव्हा मी एवढंच म्हणालो, "अगं, तुझ्या बाबांना एखादं खरंच सोपं गाणं दे ना. बिचारे किती धडपडतात. तू सोपं म्हणून पाठवतेस ती सगळी इतकी धावती कशी असतात?"

ती हसली, पण ते हसू नेहमीचं नव्हतं.

"काका, इथे सोपी गाणी ढीगभर आहेत. पण सोपं दिलं की त्यांना एका रविवारात येईल. मग पुढच्या रविवारी आम्ही काय बोलायचं?"

मी फोन बायकोकडे दिला. साडूंची ही सवय मला केव्हा लागली कोण जाणे.

मी दोघांनाही काही सांगितलेलं नाही. सैल जिभेच्या माणसाने आयुष्यात एक गोष्ट तरी पोटात ठेवावी. आता रविवारी दुपारी कधी मी त्यांच्याकडे गेलो की चहा घेत मुकाट्याने ऐकतो. तिकडून ती म्हणते, "पप्पा, या वेळी एकदम सोपं शोधलंय." इकडे साडू डोळे मिटून दोन ओळी ऐकतात, मान हलवतात आणि फार काळजीच्या सुरात म्हणतात, "अवघड दिसतंय गं. तू जरा सावकाश म्हणून दाखव."

आणि ती सावकाश म्हणून दाखवते.