एकाच बाजूची पट्टी

आक्का गेल्याचा फोन उत्तमदादानं केला. मी शाळेत होते, मधल्या सुट्टीची घंटा नुकतीच झाली होती. "आक्का गेली गं," तो म्हणाला, आणि मी भिंतीला टेकून खाली बसायच्या आत त्याचं पुढचं वाक्य आलं, "जलदानाचा कार्यक्रम आपल्या हॉलमधी घेऊ. माणसं लई येतील." माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीनं हिंगोलीच्या दवाखान्यात नुकताच जीव सोडला होता आणि आमच्या या चुलतभावाला तिच्या श्रद्धांजलीसाठी हॉलची आठवण झाली होती. रडू यायच्या आधी मला किळस आली. आता काही आठवडे उलटलेत. रडू येतं आणि ओसरतं, किळस मात्र तशीच आहे... त्यामुळे हे लिहिणं जरा कडू होईल, वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आक्का म्हणजे सुजाता, हिंगोलीतली स्ट्रक्चरल इंजिनिअर. कळमनुरीजवळच्या आमच्या गावातून इंजिनिअर झालेली पहिली मुलगी. खांब सहसा दगा देत नाहीत, दगा देतात ते सांधे, असं ती म्हणायची. हळदीचं गोदाम असो, मोंढ्यातलं शेड असो, तिची नजर आधी जायची ती लोखंडाला लोखंड जोडलेलं असतं तिथे. लग्नात नवरानवरीवर फुलं टाकतानाही ती वरच बघत असायची. तिचा हिशेब मला जन्मात कळला नसता, मी मराठी शिकवणारी बाई. पण तिच्या स्वयंपाकघरात, लाटण्याशेजारी, एकेक भोक पाडलेल्या तीन लोखंडी पट्ट्या असायच्या. गाजराच्या दिवसांत त्या बाहेर निघायच्या. दोन पट्ट्या एकीवर एक ठेवून भोकांतून गाजर घालायचं आणि पट्ट्या उलट दिशांना ओढायच्या. अडकित्त्यात सुपारी सापडावी तसं गाजर कचकन तुटायचं. मग तिन्ही पट्ट्या घ्यायच्या, मधली इकडे आणि बाहेरच्या दोन तिकडे ओढायच्या. आता गाजराला दोन ठिकाणी तुटावं लागतं, ओढणाऱ्याचे हात भरून येतात. "बोल्ट म्हंजी हे गाजर," ती सांगायची. "जोर तेवढाच, बोल्ट बी तोच. दोन्हीकून पट्टी असली तर त्याच्यावरचा ताण निम्मा, एकीकूनच असली तर सगळा. शिअर म्हंजी हे कातरणं, एवढंच." आणि उरलेलं गाजर खाऊन टाकायची.

गावात समाजाचा हॉल बांधायचं ठरलं तेव्हा नकाशा आणि सगळा हिशेब तिनंच करून दिला. उत्तमदादा कमिटीचा अध्यक्ष होता. छताच्या लोखंडी कैच्या, म्हणजे पत्रे पेलणारे त्रिकोणी सांगाडे, खांबांना जिथे जोडायच्या तिथे तिनं दोन्ही बाजूंनी पट्ट्या दाखवल्या होत्या. हॉल उभा राहिला, रंग लागला, आणि ती बघायला गेली तर प्रत्येक सांध्यावर पट्टी एकाच बाजूला. "बोल्ट तर तेवढेच हायेत ना? घे मोजून," उत्तमदादा म्हणाला. तिनं घरून पट्ट्या आणून साऱ्या कमिटीसमोर गाजर तोडून दाखवलं. मंडळी हसली. कुणीतरी विचारलं, मॅडम, हलवा कधी करून राहिल्या? काम नकाशाप्रमाणे झाल्याची सही तिनं दिली नाही. सही मग दुसरीकडून आली, ती कुठून ना कुठून येतेच. तेव्हापासून "पडलं का? न्हाई ना?" हे उत्तमदादाचं ठरलेलं उत्तर झालं. आक्का शांतपणे म्हणायची, "हिशेब रोजच्या वाऱ्याचा न्हाई करत, दादा. एखाद्याच दिवसाच्या वाऱ्याचा करतो."

त्यानंतर ती त्या हॉलमध्ये बसली नाही. लग्न असो, बुद्धवंदना असो, समोरच्या कडुलिंबाखाली खुर्ची टाकायची, जेवणही तिथेच. शिकली म्हणून डोक्यात हवा गेली, असं बायका तिला ऐकू जाईल इतक्या हळू बोलायच्या. ती निवांत आणखी भाजी मागून घ्यायची. पण कमिटीतल्या एकेकाला गाठून सांगणं तिनं सोडलं नाही, की पट्ट्या अजून बसवता येतात, बसवून घ्या. सगळे 'बराबर हाय ताई' म्हणायचे. बराबर आहे म्हणायचं आणि बोटही हलवायचं नाही, या माणसांचा मला जितका वीट आलाय तितका कशाचाच आलेला नाही.

कार्यक्रम शेवटी हॉलमध्येच झाला. आक्काच्या नवऱ्याच्या, भावजींच्या अंगात वाद घालायचं त्राण नव्हतं, आणि माझं थोरल्यांपुढे काही चाललं नाही. आक्काचा फोटो आत ठेवला, हार घालून, नेमका एका सांध्याखाली. मी लिंबाखाली तिच्या जागी बसले. आतून माइकवर उत्तमदादाचा आवाज येत होता, आमची ताई कामाला लई कडक, तिचा आदर्श घ्या... हळद शिजवायचे दिवस, गावभर तो वास, आणि एकाएकी आभाळ भरून वारा सुटला. पत्रे थडथडायला लागले. दारातून सगळ्यांत आधी बाहेर पडली ती कमिटी. अध्यक्ष पुढे, चपलाही न घालता. बायका आणि लेकरं आतच राहिली, कारण त्यांना उठा म्हणून कुणी सांगितलंच नाही. उत्तमदादा माझ्याजवळ येऊन उभा राहिला आणि दुसरीकडे बघत म्हणाला, "आत लई गरम होऊन राहिलं."

इतकी वर्षं मी समजत होते की या लोकांना कळत नाही. त्यांना चांगलं कळत होतं. गाजर त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं.

मी आत गेले. "भायेर निघा सगळ्याजणी, लेकरं घ्या," म्हणून ओरडले, आक्काचा फोटो उचलला आणि वर बघितलं. एका बाजूला पट्टी, दुसऱ्या बाजूला नुसता निळा रंग. वारा थोड्या वेळानं पडला. हॉल उभाच राहिला, आणि दुसऱ्या दिवशी पारावर तेच वाक्य पुन्हा सुरू झालं.

मागच्या आठवड्यात टेम्पोतून माझ्या घरी एक पाटी आली. काळ्या दगडावर सोनेरी अक्षरांत आक्काचं नाव, खाली 'स्मृती सभागृह'. हॉलला तिचं नाव द्यायचं कमिटीनं ठरवलंय, बहिणीनं एकदा नजरेखालून घालावी म्हणे. ज्या छताखाली ती बसली नाही, त्याच्यावर तिचं नाव. मी उत्तमदादाला फोन केला. "दुसरी पट्टी बसव, मंग पाटी घेऊन जा." तो म्हणाला, "तू बी तिच्यासारखीच आडमुठी." आयुष्यात त्यानं माझं केलेलं हे एकमेव कौतुक. पाटी ओसरीत भिंतीकडे तोंड करून उभी आहे.

परवा उत्तमदादाची बायको, शांतावहिनी, घरी आली. त्या दिवशी ती आत होती, नातवाला मांडीवर घेऊन, फोटोच्या अगदी शेजारी. पाटीकडे तिनं बघितलंही नाही, सरळ स्वयंपाकघरात आली. भावजींनी आक्काच्या पट्ट्या मला देऊन टाकल्यात, मीही त्या लाटण्याशेजारीच ठेवल्यात. "मला बी दाखव ते गाजराचं," ती म्हणाली. मी तिच्याच हातात पट्ट्या दिल्या. दोन पट्ट्या तिनं सहज ओढल्या, कचकन. तीन घेतल्या, ओढल्या, पदर खोचून परत ओढल्या... गाजर तुटेना. मग तिनं पट्ट्या ओट्यावर ठेवल्या.

"हे यांनला तवाच दाखवलं व्हतं?"

"व्हय वहिनी. तवाच."

"आन त्या दिशी मला एका शब्दानं न्हाई म्हणले, की ऊठ."

चहा टाकते म्हटलं, तर नको म्हणाली. उठून पट्ट्या पदरानं पुसल्या. "ह्या मी नेऊ का? आज ते जेवायला बसले की दाखवते. घरातले सगळे असतेत तवा."

आक्काच्या हातच्या पट्ट्या, द्यायला जीव होत नव्हता. पण दिल्या. टोपलीतली दोन चांगली जाड गाजरंही दिली.