पिवळं होऊ द्या

जालन्याच्या एमआयडीसीत तो शेजारच्या, लोखंड तापवून सळया करणाऱ्या रोलिंग मिलमध्ये कामाला होता. रोज दुपारी आमच्या बियाणं कंपनीच्या नळावर कॅन भरायला यायचा. भुवया जळालेल्या. नाव मी कधी विचारलं नाही.

कॅन भरेपर्यंत तो आमचा खेळ बघायचा. जेवणाच्या सुट्टीत सुपरवायझर एका किल्ल्याची गोष्ट सांगायचे आणि आम्ही तिघं त्यातले सैनिक व्हायचो. प्रत्येक सैनिकापुढे वहीत बळाचा आकडा लिहिलेला होता. लोखंडी दार तोडायला बळ आणि फासा मिळून दहा लागत. खेळात दाराला जाळ लावून तीन दिवस झाले होते. माझं बळ सगळ्यांत जास्त, चार. तरी दार हलेना.

चौथ्या दिवशी तो म्हणाला, "मला बी घ्या. पण नंबर नको. माझ्या माणसाला काय कळतं ते लिहा. लोखंडाचा रंग बघून किती तापलं ते वळखतो."

आम्ही हसलो. त्यानं विचारलं, "दाराचा रंग कसाय?"

"लाल," सुपरवायझर म्हणाले.

"मंग जल्दी करू राह्यले तुम्ही. पिवळं होऊ द्या, बिलकुल मेणावानी वाकतंय."

सुपरवायझरनी त्याला आकड्याऐवजी दुसरा फासा दिला. पाच आणि पाच, दहा! दार वाकलं. आमच्या आरोळीनं वॉचमन पळत आला. तो मात्र कॅन खांद्यावर घेऊन मिलकडे निघाला, मान जरा जास्तच ताठ.

दुसऱ्या दिवशी मी वहीतलं माझं बळ खोडलं. नऊ वर्षं मी बियाणं तपासतोय. तिथं लिहिलं, 'मूठभर बी हातात घेऊन किती उगवेल ते सांगतो.'

पुढच्या आठवड्यात जिंकलेल्या किल्ल्यातलं खायचं धान्य संपलं, पेरायचं जुनं बी तेवढं उरलं, तेव्हा सगळे माझ्याकडे बघू लागले.