छबीतली खुर्ची

त्या छबी काढणाऱ्याचं नाव मी विचारलंच नाही. ठाण्याला तलावाकाठी त्यानं तंबू ठोकला होता. औषधांनी त्याची बोटं काळी पडली होती आणि त्याच बोटांनी तो गिऱ्हाइकांच्या हनुवट्या हक्कानं वळवायचा.

आमची ठकी तेव्हा वर्षाची. छबी उमटायला दहा आकडे मोजेपर्यंत हलायचं नसे, पण ती काही स्थिर बसेना. छबीच्या दोन काचा वाया गेल्यावर त्यानं माझ्या बायकोला खुर्चीवर बसवलं, डोक्यापासून पायापर्यंत तिच्यावर फुलाफुलांची चादर टाकली आणि ठकीला तिच्या मांडीवर दिलं. चादरीआडून आईनं घट्ट धरल्यावर पोर शांत झाली.

"हिचाही चेहरा येऊ द्या की," मी पुटपुटलो.

"रावसाहेब, छबी लेकराची आहे. त्यात बाई कशाला?"

मी मान डोलावली. 

त्याच पावसाळ्यात बायको पटकीनं गेली. तिची दुसरी छबी नाही. त्या माणसाला मी अजून शिव्या देतो. मान मात्र मीच डोलावली होती.

ठकी आता सात वर्षांची आहे. परवा ती छबी हातात घेऊन म्हणाली, "बाबा, ही खुर्ची किती मऊ दिसते! कुठं गेली हो ती?"