चुकीच्या राणीचा रुपया

राई गावच्या सुचेता भोईर भाईंदर पश्चिमेच्या बाजारात भाजी विकतात, पण त्यांच्याकडे येणारी निम्मी माणसं भाजी घ्यायला येत नाहीत. ती रुमालात गुंडाळलेलं जुनं नाणं पुढे करतात आणि खरं की खोटं ते विचारतात. सुचेताताई नाणं फरशीवर टाकून आवाज ऐकतात, मग कडेवरून नख फिरवतात. साच्यात ओतलेल्या नकलेला कडेवर बारीक सांधा लागतो. तो लागला, की त्या नाणं परत देऊन म्हणतात, "पोरांना खेळायला द्या."

ही विद्या त्यांना हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात मिळाली. तिथे त्यांनी एकवीस वर्षं धातूवर ठसा उमटवणारा प्रेस चालवला. शाळांची पदकं आणि नाटकवाल्यांसाठी जुन्या पद्धतीची नाणी पाडली. गाळा बंद झाला तेव्हा त्या शेतातली भाजी घेऊन बाजारात बसल्या.

त्यांचं सगळ्यात चिकट गिऱ्हाईक म्हणजे विमा कंपनीतून निवृत्त झालेले हरिश्चंद्र कर्णिक. दर रविवारी एक जुडी मेथी आणि चार नाण्यांचा निकाल घेऊन ते घरी जात. मागच्या डिसेंबरात त्यांनी सोसायटीच्या हॉलमध्ये आपल्या नाण्यांचं प्रदर्शन भरवलं आणि उद्घाटनाला सुचेताताईंना बोलावलं. ताई इस्त्रीची साडी नेसून गेल्या. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या हातात फीत कापायला कात्री दिली होती.

मधल्या टेबलावर लाल मखमलीवर १८६२ चा व्हिक्टोरिया राणीचा रुपया ठेवला होता. तो प्लॅस्टिकच्या बंद डबीत होता, आणि डबी उघडायची नाही म्हणून कर्णिकांनी तो कधी बाजारात आणलाच नव्हता. ताई वाकल्या. राणीच्या डोक्याभोवतीची अक्षरं त्यांनी वाचली, पुन्हा वाचली, आणि त्यांचे कान तापले.

तो रुपया त्यांनीच पाडला होता. एका नाटकाच्या ऑर्डरीत त्यांनी पुढचा ठसा, म्हणजे डाय, 'एम्प्रेस'चा लावला आणि मागचा १८६२ चा. नाटकवाल्या प्राध्यापकांनी सगळा माल परत पाठवला आणि ताईंना अर्धा तास इतिहास शिकवला: बासष्ट साली बाई नुसती 'क्वीन' होती, सम्राज्ञीपद नाण्यावर आलं ते पंधरा वर्षांनी. गाळ्याच्या मालकांनी तो माल भंगारात काढला. त्यातला एखादा कुठूनतरी फिरत फिरत कर्णिकांपर्यंत आला असणार.

हॉलमध्ये पन्नास माणसं होती. ताईंनी गप्प राहायचा विचार केला, निदान चहा होईपर्यंत. पण कर्णिकांनी सगळ्यांसमोर विचारलं, हा तर शंभर टक्के अस्सल ना? तेव्हा त्यांनी कर्णिकांना खिडकीपाशी बाजूला घेतलं.

"साहेब, यो खोटा हाय."

"डबी न उघडता कसं सांगता?"

"मीच पाडलाय. डाय चुकली व्हती माझी." आणि ताईंनी ऑर्डरीपासून प्राध्यापकांच्या शिकवणीपर्यंत सगळं सांगितलं.

कर्णिक गोरेमोरे झाले. ते जाऊन खुर्चीत बसले. त्यांची बायको नीलम हसू दाबत पाणी घेऊन गेली. ताईंना वाटलं, हे गिऱ्हाईक गेलं. त्या चपला शोधायला लागल्या.

इतक्यात कर्णिक उठले. त्यांनी मखमलीवरचं कार्ड उलटं केलं आणि पेनाने नवीन मजकूर लिहिला: 'सम्राज्ञी, पंधरा वर्षं आधी. निर्मिती: सुचेता भोईर, हाटकेश.' मग त्यांनी माईक घेतला आणि सगळी गोष्ट स्वतःच सांगून टाकली, अर्ध्या तासाच्या शिकवणीसकट.

त्या संध्याकाळी सगळ्यात जास्त गर्दी त्याच टेबलाशी होती. कुणी ताईंबरोबर फोटो काढले, कुणी विचारलं, तसे आणखी रुपये मिळतील का? शेजारच्या टेबलावरच्या अस्सल शिवराईकडे, शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्याकडे, कुणी बघतच नव्हतं. शेवटी ताई स्वतः तिच्यामागे जाऊन उभ्या राहिल्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला आधी तिच्यावरची अक्षरं वाचायला लावू लागल्या.