सातवा स्क्रू

आईच्या अस्थींचं गाठोडं मांडीवर घेतलं तेव्हाच मला ते हलकं वाटलं.

मी पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बावीस वर्षं काढली आहेत. वस्तू काट्यावर ठेवायच्या आधीच हाताला वजन कळतं. शिवण कुणी उसवून परत घातली असेल तर तेही कळतं. ही काही कला नाही, सवय आहे, आणि घरच्या लोकांना ती फारशी आवडत नाही.

त्या दिवशी दहावा होता. दिग्रसहून जीप निघाली होती आणि पुसद, उमरखेड करत ढाणकीच्या अंगाला पैनगंगेवरच्या एका घाटावर जायचं होतं. जीप चालवत होते ते भावाच्या किराणा दुकानाशेजारी गॅरेज असलेले भाई. आमच्या घरातलं कुणीही गेलं की गाडी त्यांचीच असते. भाऊ त्यांच्या शेजारी पुढे बसला होता. मी मागे एकटी. गाठोडं पायाशी ठेवायला मी नकार दिला होता, म्हणून ते मांडीवर होतं.

आमच्याकडे अस्थी घरात आणत नाहीत. तिसऱ्या दिवशी राख सावडतात, अस्थी पांढऱ्या कापडात बांधतात आणि दहाव्यापर्यंत गाठोडं मोक्षधामातल्या टिनाच्या खोलीत खुंटीला टांगून ठेवतात. सावडायला पुरुष जातात. मी त्या दिवशी घरी आलेल्यांना चहा देत होते. त्यामुळे मला जे माहीत होतं ते सगळं भावानं सांगितलेलं होतं. सगळं नीट झालं, असं त्यानं सांगितलं होतं. दहाव्याच्या सकाळी खुंटीवरून गाठोडं काढून आणलं तेही त्यानंच.

मी कापडावरून बोटं फिरवली. मऊ राख होती, हाडांचे छोटे तुकडे लागत होते. मी जे शोधत होते ते लागत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी आई न्हाणीत पडली आणि तिचं मांडीचं हाड मोडलं. यवतमाळला ऑपरेशन झालं. दवाखान्यात मीच होते, भावाला दुकान सोडता येत नव्हतं. वीतभर स्टीलची पट्टी आणि सात स्क्रू. एक्स-रे आला तेव्हा आईनं मला तो खिडकीशी धरायला लावला आणि किती खिळे ठोकले ते मोज म्हणाली. डॉक्टर कमी घालून जास्त सांगतात, असा तिचा समज होता. संशयी स्वभाव मी तिच्याकडूनच घेतला आहे. पुढे शेजारणींना ती पाय ठोकून दाखवायची आणि म्हणायची, "मले जाळसान तवा भंगारवाला येईन दाराशी."

"यात पट्टी नाही," मी म्हणाले.

कोणती पट्टी, असं भावानं मागे न बघता विचारलं.

"आईच्या मांडीतली."

थोडं अंतर गेल्यावर तो म्हणाला, "वितळली असन."

भाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. त्यांना मधे बोलायचं नव्हतं हे दिसत होतं, पण धातूचा प्रश्न होता. "लकडीच्या आगीत स्टील नाही पिघलत, ताई. काळं पडते. जात नाही."

पुसद मागे पडलं. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, बाया वेचणीला लागल्या होत्या. मग काही न विचारता तो आपणहून म्हणाला की लोखंड नदीत टाकत नाहीत, म्हणून पट्टी सावडतानाच काढून बाजूला ठेवली. कुठे ठेवली? तिथंच, मोक्षधामात.

खिडकीवरचा माझा अनुभव असा आहे, की एका प्रश्नाला ज्यानं दोन उत्तरं दिली त्याचं पार्सल उघडून बघावं. मी गाठीकडे पाहिलं. भावाला एकच गाठ येते, किराण्याच्या पुड्याची, दोन फेर आणि वर फुली. ही तशी नव्हती. ही आडवी, घट्ट ओढलेली, शेतातल्या माणसाची गाठ होती. कुणी बांधली, असं मी विचारलं.

"तू कायले खोदून राह्यली इतकं?" तो म्हणाला. "आईवर बी संशय आहे का तुले?"

"आईवर नाही," मी म्हणाले.

मोक्षधामाच्या रखवालदाराचा नंबर मी भावाच्या फोनमधून घेतला आणि लावला. तीनदा वाजला, कुणी उचलला नाही. भावाचे कान लाल झाले होते. लहानपणी खोटं बोलला की असेच व्हायचे. पण खोटं नेमकं कुठे आहे ते मला कळत नव्हतं. पट्टी भंगारात गेली असेल तर मला काही वाटलं नसतं. पण गाठ दुसऱ्याची, पट्टी नाही, वजन कमी, याचा एकच अर्थ निघत होता: माझ्या मांडीवर आई नव्हती.

घाटावर महादेवाचं देऊळ आहे, एक चिंच आहे आणि नदीपर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या. पाणी बेताचं होतं. पाच-सहा कुटुंबं बसली होती. आमचे गुरुजी आणखी एका घराचंही बघत होते. इकडे संकल्प सांगायचा, तिकडे जाऊन पिंड मांडायचे, परत इकडे. हाताला वेग होता. मला वेगाचा राग नाही, पण वेगात काम करणाऱ्यावर लक्ष ठेवावं लागतं.

भावाच्या बोटात दर्भाचं पवित्रक घातलं, कणकेचे पिंड झाले, काळे तीळ झाले. गुरुजींनी आईचं नाव विचारलं, आजीचं विचारलं. पणजीचं आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. नाव माहीत नसेल तर नदीचं नाव घ्या, असं त्यांनी सहज सांगितलं. शेजारच्या कुटुंबालाही तेच सांगताना मी ऐकलं. या हिशोबानं अर्ध्या जिल्ह्याच्या पणज्या एकाच नावाच्या निघतील.

पिंड झाल्यावर गाठोडं नदीत न्यायची वेळ आली. मी म्हणाले, आधी उघडून बघायचं आहे.

गुरुजींनी समजावणीचा सूर लावला. "ताई, इथं येऊन कुणी तपासत नाही. नदी सगळं पोटात घेते."

"नदी घेईल हो," मी म्हणाले. "पण मी काय देते आहे ते मला माहीत पाहिजे."

त्यांनी पटकन खालच्या पायऱ्यांकडे नजर टाकली. मीही तिकडे पाहिलं. ज्या दुसऱ्या घराचं ते बघत होते ती माणसं तिथं होती. पन्नाशीचा एक माणूस गुडघाभर पाण्यात उभा होता. छातीशी उघडं गाठोडं धरलं होतं. ते तो सोडतही नव्हता आणि बाहेरही येत नव्हता. पायरीवर त्याची बायको उभी होती आणि त्याला बंजाऱ्यांच्या गोरबोलीत काहीतरी परत परत सांगत होती. दुकानामुळे तांड्यावरच्या बायांची भाषा आम्ही लहानपणापासून ऐकलेली. सगळं समजत नाही, पण 'छेनी' म्हणजे नाही, एवढं मला कळतं. ती म्हणत होती, हे आपले बा नाहीत.

"कोण आहे तो?" मी भावाला विचारलं.

भाऊ मान खाली घालून म्हणाला की ते दिग्रसलाच राहतात. त्यांचे वडील आईच्याच दिवशी गेले. मोक्षधामात शेजारच्याच ओट्यावर त्यांना अग्नी दिला.

मी खाली उतरले. भाई चिंचेखाली उभे होते, तेही मागे आले. मला येताना पाहून त्या माणसानं पाठ फिरवली आणि गाठोडं आणखी जवळ घेतलं. तेव्हा मला वाटलं, याला सगळं माहीत आहे आणि हा आता सोडून मोकळा होणार.

"बाई, इथं नका येऊ," तो म्हणाला. "ज्याचं त्याचं दुःख आहे."

मी पायरीवरूनच विचारलं, "तुमच्या वडिलांचं कधी ऑपरेशन झालं होतं का?"

उत्तर बायकोनं दिलं. "आमच्या सासऱ्यानं जिंदगीत सुई टोचून नाही घेतली. मंग ह्यात लोखंड काहून आहे, ते मी केव्हाची इचारून राह्यली. गुरुजी म्हणते, लाकडातला खिळा असन. येवढा खिळा?"

म्हणजे गुरुजींना लोखंडाचं माहीत होतं. इकडे येऊन मला नदी सगळं पोटात घेते असं सांगण्याआधीच माहीत होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते तांब्या विसळू लागले.

"पट्टी आहे ती," मी त्या बाईला सांगितलं. "वीतभर. सात स्क्रू."

तिनं नवऱ्याकडे बघून फक्त हात पुढे केला. तो पाण्यातून बाहेर आला.

माझी ओढणी पायरीवर पसरून आम्ही त्यावर ते गाठोडं ठेवलं. पट्टी काळी पडली होती, पण वाकली नव्हती. भाईंनी लांबूनच बघून मान हलवली. मी स्क्रू मोजले. सहा होते. परत मोजले, सहाच.

"एक मूठ सोडली होती मी," तो माणूस म्हणाला. त्यानं हात जोडले. "मंग हाताला हे लागलं, अन् थांबलो."

मला राग आला होता, पण कुणावर काढायचा ते ठरत नव्हतं. त्यानं माझ्याकडचं गाठोडं घेतलं आणि गाठीवर अंगठा दाबला. "ही माही गाठ. बैलाच्या दाव्याची." सकाळी खुंटीवरून काढायला त्यानं पुतण्याला पाठवलं होतं. घाटावर कापड सोडताना गाठ वेगळी वाटली, पण तोवर मंत्र सुरू झाले होते. मग त्यानं माझ्या भावाला विचारलं, अगदी साधेपणानं, "तुमी तुमची गाठ नाही ओळखली का, भाऊ?"

भाऊ पाण्याकडे बघत होता.

तेव्हा मला कळलं. दुसऱ्याची गाठ ओळखू न येणं वेगळं, आणि आपली गाठ कशी होती हेच माहीत नसणं वेगळं.

"तू सावडायला गेलताच नाही," मी म्हणाले.

"गेलतो," तो म्हणाला. "दारापर्यंत. अंदर पाय नाही गेला. दुकानातल्या माणसाले पाठवलं."

त्या बाईनं पदर सारखा केला आणि दुसरीकडे पाहिलं. मी भावाला काही बोलले नाही. चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं आणि नंतर बोलून उपयोग नव्हता. दहा दिवस तो सगळ्यांना नीट झालं, नीट झालं म्हणून सांगत होता. तेव्हा चहा देत मी त्याच्या समोरच उभी होते, आणि कान काही मी पाहिले नव्हते.

गाठोडी बदलली. दोन्ही उघडून बघून पुन्हा बांधली गेली, एक दाव्याच्या गाठीनं आणि एक पुड्याच्या. एक प्रश्न राहिला. आईची मूठभर राख त्या बांच्या नावानं पाण्यात गेली होती. मी गुरुजींना म्हणाले, जिथं ती मूठ सोडली तिथं आईचं नाव घ्या. असा विधी नाही, असं ते म्हणाले.

"घ्या ना नाव, काय जाते तुमचं?" ती बाई म्हणाली. "नाही तर आमचे बा वरतं एखाद्या अनोळखी बाईसंगं भांडत बसतीन."

तिचा नवरा हसला, मग हसू नये असं वाटून थांबला. गुरुजींनी नाव घेतलं. मी शेजारी उभी राहून ते पूर्ण ऐकलं.

मग भाऊ आईला घेऊन पाण्यात गेला. मी पण गेले, कपडे भिजले तरी. बायका पाण्यात येत नाहीत, असं कुणीतरी वरून म्हणालं. मी त्याच्या हातांपासून एक हात अंतरावर उभी होते. त्यानं कापड सोडलं, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि ओंजळीनं सोडायला लागला. शेवटची ओंजळ गेल्यावर त्यानं कापड झटकलं, पाण्यात तीनदा खळबळलं आणि मला दिसेल असं उलटं करून दाखवलं. काही राहिलं नव्हतं. मी मान हलवली.

पट्टी आणि सहा स्क्रू भाईंनी गाडीतल्या फडक्यात बांधून दिले. येताना ते माझ्या मांडीवर होते. आता वजन बरोबर वाटत होतं.

तेरवीच्या आदल्या दिवशी मी आईच्या कपाटातून एक्स-रे काढून खिडकीशी धरला. सातच होते. भाऊ दारात उभा राहून बघत होता. तो म्हणाला, "सातवा त्या मुठीतच गेला ना, ताई?"

तो त्या मुठीत गेला असेल, मोक्षधामाच्या ओट्यावर राखेत राहिला असेल, किंवा दुकानातल्या माणसाला उन्हात दिसलाच नसेल. मला माहीत नव्हतं.

"हो," मी म्हणाले, आणि एक्स-रे परत पाकिटात घातला.