बॅटरीखालचा पाट

सत्तावन्न सालची वसुबारस. स्थळ: चिंचपोकळीची आमची खोली. हजर: मी, आमचे हे, टॅक्सी चालवणारे धाकटे दीर आणि त्यांच्या टॅक्सीच्या दोन जादा बॅटऱ्या.

बॅटऱ्या हजेरीत धराव्या लागतात, कारण घरातले दोन्ही पाट त्यांनी अडवले होते. बॅटरी उघड्या फरशीवर ठेवली की उतरते, हे भायखळ्यापासून लालबागपर्यंत प्रत्येक टॅक्सीवाल्याला ठाऊक होतं. "वैनी, फरशी चोखता तिका," दीर सांगायचे. नवी बॅटरी सहजी मिळत नसे, म्हणून कोणी वाद घातला नाही. माणसं फरशीवर जेवत होती.

पण त्या वर्षी लेकीचा पहिला दिवाळसण होता. जावयाला पाट दिला नसता, तर दादरला विहीणबाईंना तो विषय वर्षभर पुरला असता. म्हणून गणपती गेल्यावर मी दोन्ही बॅटऱ्या चार्ज करून आणवल्या. एक पाटावर ठेवली, एक फरशीवर. संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळांत टॅक्सीच बरेच दिवस उभी होती; जादा बॅटऱ्यांना कोणी हात लावला नाही.

वसुबारसेला दिरांनी गाडीचा दिवा आधी एकीला जोडला, मग दुसरीला. दोन्हींवर सारखाच पेटला, तांबूस. नुसत्या पडून पडून दोघीही उतरल्या होत्या.

"पाटावरची फरशीवरचीच्या संगतीन बिघडली," दीर म्हणाले.

"मग तिला वेगळी खोली बघ," हे म्हणाले. "जमलं तर आम्हालाही."

पाट सुटले. पितळी फुलांच्या पाटावर बॅटरीच्या बुडाचा पांढरट चौकोन उमटला होता. मी तो घासून काढला, रांगोळी घातली आणि पाट जावयाला मांडला. आम्हीच घेतलेलं नवं धोतर नेसून जावई त्यावर बसले, पोटभर जेवले.

धोतर धुतल्यावर बसायच्या जागी चाळण झाली. बॅटरीचं तेजाब लाकडात मुरलं होतं.

विहीणबाईंचा निरोप आला, "दुकानदारानं फसवलं हो तुम्हाला." मी दादरला जाऊन खरं काय ते सांगून आले. त्या पुष्कळ हसल्या. जावई मात्र तेव्हापासून येताना सतरंजीची घडी घेऊन येतात.

"बघितलास वैनी?" दीर म्हणाले. "पाट नसतो तर फरशेक भोक पडला असता."

पाट पुन्हा बॅटरीखाली गेला. रे रोडच्या वखारीतून सागाची फळी आणून जावयासाठी नवा पाट करून घ्यायचा, एवढं काम अजून राहिलं आहे.