नरूला आंटींची व्हॅन

श्यामसुंदर देवस्थळींची पाठ धरली ती हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये, भर दुपारी, चारचौघांच्या देखत.

सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलात परीक्षितला वर्षातून दोनदा तपासणीला न्यावं लागे. परीक्षित त्यांचा थोरला मुलगा. जन्मापासूनच त्याचे पाय ताठ, कमरेखाली जोर नाही. बोलताना शब्द थोडे उशिरा येत, पण डोकं तल्लख. लहान होता तेव्हा श्यामसुंदर त्याला कडेवर घेऊन सगळं चंडीगड हिंडले होते. आता तो विशीचा झाला होता, उंचीनं बापाच्या वर गेला होता आणि वजनानंही कमी नव्हता. तरी पद्धत तीच चालली होती. घरापाशी खुर्चीतून उचलायचं, छोट्या गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवायचं, चाकांची खुर्ची घडी करून डिकीत कोंबायची आणि उतरताना हेच सगळं उलट.

त्या दिवशी उतरवताना त्यांनी एक हात त्याच्या गुडघ्यांखाली घातला, दुसरा पाठीमागे, आणि नेहमीसारखं "चल, हुप्प!" म्हटलं. पुढचं काही झालंच नाही. कमरेतून अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी आली. परीक्षित अर्धा गाडीत, अर्धा बाहेर. शेजारच्या गाडीतून उतरलेले एक सरदारजी धावत आले, त्यांनी परीक्षितला छातीशी धरून खुर्चीत बसवलं आणि मग श्यामसुंदरना फुटपाथवर टेकवलं. "पाजी, आप बैठो. बैठो आराम से," ते म्हणत राहिले. मुलाची तपासणी राहिली बाजूला. त्या दिवशी डॉक्टरांनी बापाला तपासलं आणि बजावलं, यापुढे वजन उचलायचं नाही. अजिबात नाही.

पाठ काही आठवड्यांत सुधारली, पण घराची घडी विस्कटली. परीक्षित कॉलेजात अर्थशास्त्र शिकत होता. त्यानं जाहीर करून टाकलं, "बाबा, मला नाही जायचं रोज. नोट्स ऑनलाइन मिल जाते हैं. वैसे भी बोअर होतं." मित्राच्या वाढदिवसाला बोलावणं आलं, नाही म्हणाला. मराठी मंडळींच्या गणपतीला दरवर्षी जायचा, यंदा म्हणाला डोकं दुखतंय. दिवसभर खिडकीपाशी लॅपटॉप घेऊन बसे. मुलगा आळशी होत चाललाय असं श्यामसुंदर म्हणत. सुनंदा, त्यांची बायको, ते ऐकून घेई. ताटं वाढताना भांडी मात्र जरा जास्त वाजत.

एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "अहो, आपण व्हॅन घेऊया."

"कसली व्हॅन?"

"मोठी. मागून रॅम्प असलेली. खुर्चीसकट आत जाईल अशी. करून देतात म्हणे तशा."

"शाळेची पोरं नेतात तसली?" श्यामसुंदर म्हणाले. "काही गरज नाही. पाठ बरी आहे माझी."

"डॉक्टरांनी काय सांगितलं?"

"डॉक्टर सगळ्यांनाच सांगतात तसं."

तिनं आणखी दोनदा विषय काढला. एकदा ते म्हणाले, क्वार्टरसमोर लावायला जागा नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, निवृत्तीनंतर संगमनेरला गेलो की एवढी मोठी गाडी तिथल्या बोळात शिरणार नाही. दोन्ही कारणं खरी होती, आणि दोन्ही सांगण्यापुरतीच होती. खरं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. परीक्षित चार वर्षांचा असताना एका डॉक्टरांनी म्हटलं होतं, नेमानं व्यायाम केला तर पोरगा काठ्या घेऊन चालेलही कदाचित. ते 'कदाचित' श्यामसुंदरांनी घट्ट धरून ठेवलं. सेक्टर तीसच्या सरकारी प्रयोगशाळेत त्यांची नोकरी मोजमापाची उपकरणं घडवण्याची होती. त्या हातांनी त्यांनी क्वार्टरच्या मागच्या अंगणात पाइपांचे दोन समांतर दांडे रोवले आणि रोज सकाळी मुलाला त्यांत उभं केलं. दरवर्षी वाटे, यंदा एक पाऊल टाकेल. रॅम्पची गाडी आणायची म्हणजे आता हे असंच राहणार असं कबूल करायचं. आणि ते मुलाच्या तोंडावर कसं कबूल करायचं?

सुनंदानं शेवटी विचारणं सोडलं आणि शोधायला लागली. धाकटी रेवा अकरावीत होती. दोघी मायलेकी मोबाइलवर डोकं जुळवून बसत. एका शनिवारी सकाळी सुनंदा चप्पल घालून दारात उभी राहिली.

"पंचकुल्यात एक गाडी आहे. बघायला जायचंय. तुम्ही येताय, की मी एकटी जाऊ?"

तिच्या आवाजावरून श्यामसुंदरना कळलं की आज जागा, बोळ वगैरे काही चालणार नाही. ते निमूट गाडीत बसले. "नुसतं बघून येऊ," एवढं मात्र म्हणाले.

व्हॅन एका कोपऱ्यावरच्या घरासमोर उभी होती. पांढरी, जरा जुनी, पण काचा लखलखीत. मालकीण नरूला आंटी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. नवऱ्याला अर्धांगवायू झाल्यावर त्यांनी ही गाडी घेऊन मागे रॅम्प बसवून घेतला होता. कागदोपत्री तशी नोंदही होती. गेल्या हिवाळ्यात नवरा गेला. तेव्हापासून गाडी दारात उभी होती, आणि आंटी ती विकत होत्या व विकत नव्हत्याही. एक पनीरवाला बघून गेला, त्याला त्यांनी सरळ वाटेला लावलं. "इसमें पनीर ढोएगा! मैंने कहा, भाई, तू जा."

त्यांनी मागचं दार वर उचललं, आतली घडी ओढली, आणि लोखंडी रॅम्प अलगद जमिनीला टेकला. आत खुर्ची जखडायला पट्टे होते. मधल्या रांगेतली एक सीट काढलेली, म्हणजे खुर्चीतला माणूस मागे एकटा पडत नव्हता, इतरांच्या शेजारी बसत होता. श्यामसुंदर खाली वाकून सांधे बघायला लागले. पाठीनं बारीक तक्रार केली. काम चोख होतं. त्यांना जरा रागच आला. नाव ठेवायला काही सापडेना.

"लड़का कहाँ है?" आंटींनी अचानक विचारलं.

"घर पे," सुनंदा म्हणाली.

"उसने देखी?"

परीक्षितला त्यांनी सांगितलंसुद्धा नव्हतं.

"बैठना किसको है? आपको या उसको?" आंटींचा वर्गातला आवाज अजून शाबूत होता. "पहले उसको लाओ. वो हाँ बोलेगा, तब बात करेंगे."

श्यामसुंदर म्हणाले, तोच तर प्रश्न आहे, त्याला गाडीत घालायला माणसं लागतात. त्यावर आंटींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांचं त्यांनाच हसू आलं. किल्ली त्यांच्या हातावर ठेवून त्या म्हणाल्या, "तो इसी में लाओ ना, भाईसाहब. बहनजी यहीं बैठेंगी मेरे पास. चाय पियेंगी."

अशी बायको तारण ठेवून श्यामसुंदर परक्याची व्हॅन घेऊन निघाले. आधी भीतीच वाटली. गाडी उंच, पुढे नाक नाही, आणि मागे इतकी रिकामी की स्वतःचंच खाकरणं घुमून ऐकू येई. हाउसिंग बोर्डच्या चौकात मागून कुणीतरी हॉर्न दिला तेव्हा त्यांना घाम फुटला. पण मध्य मार्गाला लागल्यावर हात सैलावले. उंचावरून रस्ता चांगला लांबवर दिसत होता.

क्वार्टरपाशी त्यांनी हॉर्न वाजवला. खिडकीतून परीक्षितनं पाहिलं, आणि त्याच्या तोंडून "ये क्या है?" निघालं. रेवा उड्या मारतच बाहेर आली. ती कटात सामील होती, पण गाडी अशी दारात येईल हे तिलाही माहीत नव्हतं. श्यामसुंदरांनी रॅम्प खाली घेतला आणि सवयीनं बाह्या सरसावल्या.

"बाबा, तुम्ही हटा," रेवा म्हणाली. तिनं खुर्चीच्या मुठी धरल्या, दोन पावलं मागे घेतली आणि ढकललं. खुर्ची खडखडत वर चढली आणि आत गेली. बस्स, एवढंच. श्यामसुंदर बाह्या सरसावलेलेच उभे राहिले. दिवसातून कितीदा तरी, इतकी वर्षं जे ते जिवाच्या करारानं करत आले होते, ते अकरावीतली पोर बोलता बोलता करून मोकळी झाली होती. तिनं पट्टे अडकवले, भावाच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "चलो, ड्रायव्हर भैया."

पंचकुल्याच्या वाटेवर परीक्षित बराच वेळ नुसता बाहेर बघत होता. छोट्या गाडीत त्याचं डोकं छताला लागे, मान वाकडी करून बसावं लागे. इथे तो ताठ बसला होता. एका सिग्नलला श्यामसुंदरांनी आरशात पाहिलं. पोराचे ओठ थरथरत होते. झालं, ज्याची भीती होती तेच झालं.

"परी," ते आरशाकडे बघतच म्हणाले, "हे बघ, गाडी घेतली म्हणजे... मी काही आशा सोडली असं नाही हं. व्यायाम आपला चालूच राहील. कुणी सांगावं, उद्या तू—"

"बाबा." परीक्षितला शब्द जुळवायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. "मैंने तो दसवीं में ही छोड़ दी थी."

"काय?"

"आशा. चालायची. व्यायाम मी तुमच्यासाठी करतो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

सिग्नल हिरवा झाला होता. मागचे हॉर्न वाजवायला लागले, तेव्हा कुठे श्यामसुंदरांनी गिअर टाकला.

"आणि कॉलेज बोअर नाही होत," परीक्षित पुढे म्हणाला. आता त्याला थांबवत नव्हतं. "झूठ बोला था. तुम्ही मला उचलता ना, तेव्हा तुमचा चेहरा असा होतो..." त्यानं दात आवळून चेहरा करून दाखवला. रेवा फिस्सकन हसली. "मला नाही बघवत. म्हणून म्हटलं, नाहीच जात कुठे. और यार बाबा, बीस साल का हूँ, सगळ्यांसमोर कडेवर... कसं वाटतं!"

श्यामसुंदरांनी गाडी कडेला घेतली. एका झाडाखाली उभी केली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसले. त्यांना वाटलं होतं रडू येईल. पण छातीतून आलं ते हसू. आधी नुसता श्वास, मग हसू, मग पाठ दुखेपर्यंत हसू. मुलाला वाईट वाटू नये म्हणून बाप रोज दांडे पुसून ठेवत होता, आणि बापाला वाईट वाटू नये म्हणून मुलगा रोज त्यांत उभा राहत होता.

"म्हणजे उद्यापासून बंद?" डोळे पुसत त्यांनी विचारलं.

"नाही, करतो ना. नाहीतर पाय आखडतात." मग थोडं थांबून, "पण सकाळी सहाला नको."

"आठला?"

"साडेआठ. पक्का."

आंटींच्या घरी सुनंदा चहा पिऊन, पोळ्यांपासून मुलांपर्यंतच्या सगळ्या गप्पा संपवून, अस्वस्थ होऊन फाटकात उभी होती. व्हॅन वळली आणि आतून तिघांच्या हसण्याचा आवाज आला, तेव्हा तिनं फाटकाची दांडी घट्ट धरली. नवरा खाली उतरला. काही सांगायला गेला आणि नुसतं म्हणाला, "घेऊया." तिनं मान डोलावली.

आंटींनी मात्र परीक्षितची रीतसर परीक्षा घेतली. कुठे बसलास की काय दिसतं, पट्टा काचतो का, उन्हाळ्यात मागे गार हवा पोचते ती पुरेल का. त्यानं सगळ्याची उत्तरं दिली आणि वर एक खोडही काढली, की कोपऱ्यातला पट्टा उलटा शिवलाय, पीळ पडतो. आंटी खूश झाल्या. "नरूला साहब भी यही कहते थे. मैं सुनती नहीं थी." एवढं बोलून त्या जरा वेळ आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा डोळे धुतलेले होते आणि हातात खिरीची वाटी होती. व्यवहाराचं बोलणं मग फारसं लांबलं नाही. नंबर हरियाणाचा, तो चंडीगडला लावून घ्यायला दोन्हीकडच्या कचेऱ्यांत खेटे पडले, पण ते श्यामसुंदरांनी न कुरकुरता घातले.

सोमवारी परीक्षित कॉलेजला गेला. सुनंदानं सोडलं, ती चांगलं चालवायची, फक्त आजवर पोराला उचलणं तिला झेपत नव्हतं म्हणून तिचं चालवणं कुणाच्या लेखी नव्हतं. कॉलेजच्या दारात दोन मित्र उभे होते. त्यांनी रॅम्प पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "भाई, इसमें हम कितने आ जाएँगे?" पुढच्या आठवड्यात घरी सोडायला म्हणून एका मित्रानं व्हॅन चालवली आणि ते सगळेच तीत कोंबून बसून सेक्टर सतराच्या बाजारात जाऊन आले. घरी कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. खुर्चीच्या चाकाला चिकटलेल्या आइस्क्रीमच्या कागदावरून कळलं.

थंडी पडायच्या आधी एका रविवारी चौघं पिंजोरच्या बागेत गेले. परतताना सुनंदा गाडी चालवत होती, रेवा पुढे बसून तिला गाणी लावून देत होती, आणि परीक्षित मोबाइलवर काहीतरी वाचत होता. श्यामसुंदर त्याच्या शेजारच्या सीटवर होते. त्यांना काहीच करायचं नव्हतं. उतरल्यावर काय, कुणाला हाक मारायची, पाठ साथ देईल का, यातलं काही मनात येत नव्हतं. डोंगर मागे पडत होते, काचेतून कोवळं ऊन मांडीवर येत होतं. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

घर आलं तेव्हा ते तोंड उघडं टाकून घोरत होते. सुनंदानं इंजिन बंद केलं. रेवा रॅम्प काढायला उठली, तसं परीक्षितनं ओठांवर बोट ठेवलं.

"झोपू दे बाबांना," तो म्हणाला. "मला काही घाई नाही."